'जगात कुठेही' : पहिल्या घराच्या सवलतीमागचा कागदोपत्री इतिहास

इंग्लंडमध्ये घराची खरेदी पुरी झाली की खरेदीदाराच्या वतीने त्याचा वकील महसूल खात्याकडे एक विवरणपत्र पाठवतो. त्याचे नाव एसडीएलटी-१. पूर्वी त्याला तीस दिवसांची मुदत होती; १ मार्च २०१९ पासून ती चौदा दिवसांवर आली. करात सवलत मागायची असेल तर एका रकान्यात दोन आकडी संकेत लिहायचा. पहिल्यांदा घर घेणाऱ्यासाठी असलेल्या सवलतीचा संकेत ३२. सोबत दाखला नाही, प्रतिज्ञापत्र नाही. पण ते दोन आकडे लिहिले गेले की खरेदीदाराच्या नावाने एक विधान सरकारदरबारी दाखल होते : मी आजवर, जगात कुठेही, राहत्या घराचा मालक झालेलो नाही.

नोकरीसाठी इंग्लंडला गेलेल्या आणि पुण्यात, ठाण्यात किंवा नाशिकला एखादा फ्लॅट मागे ठेवलेल्या मराठी माणसाला हे विधान कुठे अडते, ते सांगायला नको. 'इथे हे आमचे पहिलेच घर आहे, म्हणजे आम्ही पहिल्यांदाच घेणारे' असा समज मनात सहज रुजतो. तो नेहमी लबाडीतून येतो असेही नाही. नवा देश, नवी नोकरी, बँकेतले पहिले खाते, सगळेच पहिले. तसेच घरही पहिले. तेव्हा 'पहिले' म्हणजे या देशातले पहिले की आयुष्यातले पहिले, हा प्रश्न भावनेवर न सोडता कागदांना विचारायला हवा. त्यासाठी कायद्यांचे मसुदे, अर्थसंकल्पाची टिपणे, सल्लामसलतीचे दस्त आणि तपास अहवाल उपलब्ध आहेत. ते कालक्रमाने लावले की उत्तर स्वच्छ मिळते.

शिक्का कागदावर, प्रश्न माणसाला

इंग्लंडात मुद्रांक शुल्क आले १६९४ मध्ये. फ्रान्सशी चाललेल्या युद्धाचा खर्च भागवण्यासाठी चार वर्षांपुरता म्हणून केलेला तो कायदा पुढे कायमचाच झाला. १८९१ च्या स्टॅम्प ॲक्टने त्याला व्यवस्थित रूप दिले. आपल्याकडचा १८९९ चा भारतीय मुद्रांक अधिनियम आणि पुढे १९५८ चा मुंबई मुद्रांक अधिनियम, म्हणजे आजचा महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, हे त्याच परंपरेतले. या जुन्या पद्धतीत कर बसे तो दस्तावर. कागदावर पुरेसा मुद्रांक नसेल तर तो कागद न्यायालयात पुरावा म्हणून चालत नसे, आणि एवढ्या धाकावर लोक शुल्क भरत. दस्तात लिहिलेली किंमत पाहिली की काम झाले. घेणारा कोण, त्याच्याकडे आधी काय होते, याच्याशी मुद्रांकाला कर्तव्य नव्हते.

१ डिसेंबर २००३ रोजी हे बदलले. २००३ च्या फायनान्स ॲक्टने जमीन आणि घरांच्या व्यवहारांसाठी स्टॅम्प ड्यूटी लँड टॅक्स लागू केला. नावात 'स्टॅम्प' राहिला तरी शिक्क्याचा कागद गेला. कर आता व्यवहारावर बसू लागला, आणि त्याचा हिशेब खरेदीदाराने स्वतः करून विवरणपत्रात द्यायचा, ते खरे व पूर्ण असल्याचे स्वतःच जाहीर करायचे, अशी रीत आली. पुढच्या सगळ्या गोष्टीची मुळे या बदलात आहेत. जुन्या पद्धतीत महसूल खाते कागद तपासत होते, नव्या पद्धतीत ते माणसाचा शब्द घेऊ लागले. माणसाच्या शब्दावर कर ठरू लागला म्हणूनच 'तुझ्याकडे याआधी घर होते का?' हे विचारणे शक्य झाले.

२०१० : व्याख्येचा पहिला दस्त

तो प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला २०१० मध्ये. २४ मार्चला अर्थमंत्री ॲलिस्टर डार्लिंग यांनी अर्थसंकल्प मांडला आणि दुसऱ्या दिवसापासून, दोन वर्षांसाठी, पहिल्यांदा घर घेणाऱ्यांची करमुक्त मर्यादा १,२५,००० वरून २,५०,००० पौंडांवर नेली. त्या वर्षीच्या फायनान्स ॲक्टच्या सहाव्या कलमाने २००३ च्या कायद्यात ५७ एए हे नवे कलम घातले. 'पहिल्यांदा घेणारा' म्हणजे कोण, याची या करातली पहिली व्याख्या तिथे सापडते.

त्या व्याख्येत दोन अटी शेजारीशेजारी आहेत. खरेदीदाराने याआधी युनायटेड किंग्डममध्ये निवासी मिळकतीचा मोठा हक्क घेतलेला नसावा, ही पहिली. युनायटेड किंग्डमबाहेरच्या कोणत्याही देशात वा प्रदेशात त्याच तोडीचा हक्क घेतलेला नसावा, ही दुसरी. परदेशातल्या घराची अट मागाहून, कोणी पळवाट काढल्यावर जोडलेली नाही. सवलत ज्या दिवशी जन्मली त्याच दिवशी, त्याच कलमात ती होती. म्हणून 'भारतातले घर मोजतात हे नंतर आले' या समजुतीला आधार उरत नाही.

कलमाची बाकीची रचना पाहिली की हेतूही उमगतो. घर एकाहून अधिक जण मिळून घेत असतील तर त्यांतला प्रत्येक जण पहिल्यांदा घेणारा असला पाहिजे; एकाच्या नावे पूर्वी घर असेल तर सवलत कोणालाच नाही. शिवाय घेतलेल्या घरात मुख्य निवास म्हणून स्वतः राहण्याचा इरादा हवा, भाड्याने देण्यासाठी घेतलेले घर चालणार नाही. जगात कुठेही घर नसणे, सोबत घेणाऱ्यालाही नसणे, आणि इथे स्वतः राहणे, या तिन्ही अटी एकाच माणसाचे चित्र काढतात. डोक्यावर स्वतःचे छप्पर कधीच नव्हते आणि आता पहिल्यांदा येते आहे, असा तो माणूस. ज्याला विकता येईल, भाड्याने देता येईल किंवा गरज पडल्यास परतून राहता येईल असे एक घर कुठेतरी आहे, तो माणूस त्या चित्रात बसत नाही. ते घर साताऱ्यात आहे की स्विंडनमध्ये, याने फरक पडत नाही.

ही पहिली सवलत फार टिकली नाही. २९ नोव्हेंबर २०११ च्या शरद निवेदनात सरकारने म्हटले की, नव्या खरेदीदारांची संख्या वाढवण्यात तिचा उपयोग झाला नाही, म्हणून ती ठरल्या तारखेला संपेल. २४ मार्च २०१२ ला ती संपली. व्याख्येची कल्पना मात्र मागे राहिली.

२०१५ ते २०१८ : तेच शब्द, पुन्हा पुन्हा

पुढच्या काही वर्षांतले दस्त ओळीने लावले की तोच शब्दप्रयोग परत परत भेटतो. १ डिसेंबर २०१५ ला घरासाठी बचत करणाऱ्यांना सरकारी बोनस देणारे 'हेल्प टू बाय आयसा' हे खाते सुरू झाले. बोनस मागताना खातेदाराने जगात कुठेही घर घेतलेले नसावे अशी अट होती. एप्रिल २०१७ मध्ये आलेल्या 'लाइफटाइम आयसा'मध्ये वर्षाला ४,००० पौंडांपर्यंतच्या बचतीवर सरकार २५ टक्के भर घालते आणि त्या पैशातून ४,५०,००० पौंडांपर्यंतचे पहिले घर घेता येते. तिथेही घर जगात कुठेही नसावे, हीच अट.

याच काळात दुसऱ्या बाजूनेही तोच प्रश्न आला. नोव्हेंबर २०१५ मध्ये अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी जाहीर केले की आधी घर असताना आणखी घर घेणाऱ्यावर अधिभार लागेल. डिसेंबरमध्ये निघालेल्या सल्लामसलतीच्या दस्तात जगभरातली घरे मोजली जातील असे मांडले होते, आणि १ एप्रिल २०१६ पासून लागू झालेल्या ३ टक्के अधिभारात ती मोजलीही गेली. ३१ ऑक्टोबर २०२४ पासून हा अधिभार ५ टक्के आहे.

मग आला २२ नोव्हेंबर २०१७ चा अर्थसंकल्प. अर्थमंत्री फिलिप हॅमंड यांनी पहिल्या घराची सवलत पुन्हा आणली, या वेळी मुदतीशिवाय. ३,००,००० पौंडांपर्यंत कर नाही. ५,००,००० पर्यंतच्या घरावर वरच्या रकमेला ५ टक्के. किंमत ५,००,००० च्या पुढे गेली तर सवलतच नाही. सप्टेंबर २०२२ ते मार्च २०२५ या काळात या मर्यादा ४,२५,००० आणि ६,२५,००० होत्या. १ एप्रिल २०२५ पासून त्या पुन्हा मूळच्या आकड्यांवर आल्या. नव्या व्याख्येत इंग्लंडबाहेरचे घर तर धरलेच, पण घर कसे मिळाले याचा विचारही खुला ठेवलेला नाही. विकत घेतलेले, भेट मिळालेले आणि वारशाने आलेले, तिन्ही सारखेच. स्कॉटलंडने ३० जून २०१८ पासून आपल्या जमीन-व्यवहार करात पहिल्या घराची सवलत दिली, तिथेही जगभराची अट ठेवली. वेल्सने आपल्या करात ही सवलत ठेवलीच नाही.

२०१७ च्या अर्थसंकल्पाबरोबरचा आणखी एक कागद इथे महत्त्वाचा आहे. ब्रिटनच्या स्वतंत्र अर्थसंकल्प-अंदाज कार्यालयाने तेव्हा लिहिले की या सवलतीने घरांच्या किमती सुमारे ०.३ टक्क्यांनी वाढतील, आणि सवलतीमुळेच घर घेऊ शकतील असे नवे खरेदीदार सुमारे ३,५०० असतील. म्हणजे सवलतीचा बराच भाग किमतीत मुरणार होता आणि ती वाढीव किंमत सगळ्याच नव्या खरेदीदारांना मोजावी लागणार होती. पात्र नसलेला माणूस खोट्या विधानाने हीच सवलत घेतो तेव्हा नुकसान फक्त तिजोरीचे होत नाही. त्याच रस्त्यावर त्याच घरासाठी बोली लावणारा, खरोखर पहिल्यांदा घेणारा, त्याच्यापुढे मागे पडतो.

दोन प्रश्न, दोन काळ

या दस्तांतून एक बारीक पण निर्णायक भेद हाती लागतो. पहिल्या घराची सवलत भूतकाळाबद्दल विचारते : तुझ्या नावे घर *होते का*, कधीही, कुठेही? अधिभार वर्तमानाबद्दल विचारतो : खरेदीच्या दिवसअखेर तुझ्याकडे दुसरे घर *आहे का*? पुण्यातला फ्लॅट दहा वर्षांपूर्वी विकला असेल तर दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' येते, पहिल्याचे मात्र 'होय'च राहते. विकलेले घर हातातून गेले तरी घेतल्याची घटना पुसली जात नाही. अनेकांच्या मनात हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात आणि 'आता काही नाही ना आपल्याकडे' हे वर्तमानकाळातले उत्तर भूतकाळाच्या रकान्यात लिहिले जाते.

फरक किती मोठा, ते आकड्यांत पाहू. समजा, स्लाव किंवा रेडिंगमध्ये ४,००,००० पौंडांचे घर घ्यायचे आहे. आजच्या दराने पहिल्यांदा घेणाऱ्याला कर पडतो ५,००० पौंड. पूर्वी घर होते पण ते विकले आहे, अशा खरेदीदाराला १०,०००. आणि पुण्यातला फ्लॅट आजही स्वतःच्या नावावर आहे, त्यातल्या हक्काची किंमत ४०,००० पौंड वा त्याहून जास्त आहे, असा खरेदीदार असेल तर ३०,०००. तोच माणूस ३२ हा संकेत लिहून ५,००० भरून मोकळा झाला तर त्याने २५,००० पौंड कमी भरलेले असतात.

'मग घर फक्त पत्नीच्या नावावर घेऊ, तिच्या नावे कुठे काही नाही' हा उपायही बऱ्याच घरांत सुचतो. अधिभाराच्या नियमांत एकत्र राहणारे पती-पत्नी एकच धरले जातात. पतीच्या नावावरचे पुण्यातले घर पत्नीच्या व्यवहारातही मोजले जाते. आणि ज्या व्यवहाराला अधिभार लागतो त्याला पहिल्या घराची सवलत मिळत नाही. नाव बदलून प्रश्न बदलत नाही.

सीमा कायदा आखतो

सगळे देश असे विचारतात असे नाही, आणि हीच गोष्ट इंग्लंडमधल्या शब्दांचे वजन दाखवते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २००० पासून पहिल्या घरासाठी ७,००० डॉलरचे अनुदान सुरू केले. त्यात अट ऑस्ट्रेलियातल्या घरापुरती आहे. मेलबर्नमध्ये अनुदान मागणाऱ्याला कोथरूडचा फ्लॅट आड येत नाही. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात जमीन-हस्तांतरण कराचा परतावा, आज कमाल ४,००० डॉलर, मागताना मात्र जगात कुठेही घर नसावे लागते, आणि लग्नानंतरच्या काळात जोडीदाराच्या नावेही नसावे लागते. अमेरिकेच्या २००८ च्या करसवलतीत गेल्या तीन वर्षांत स्वतःचे मुख्य राहते घर नसणे पुरे होते. एकच माणूस, एकच फ्लॅट. एका देशात तो 'पहिल्यांदा घेणारा' आणि दुसऱ्यात नाही. म्हणून ऑस्ट्रेलियातल्या मित्राने दिलेला सल्ला इंग्लंडमध्ये कामाचा नाही. ज्या देशात सही करायची, त्या देशाचा शब्द वाचायचा.

नुसत्या शब्दावर ठेवलेल्या विश्वासाचे काय होऊ शकते, याचा दस्तही अमेरिकेत आहे. तिथल्या अर्थखात्याच्या करप्रशासन महानिरीक्षकांनी ऑक्टोबर २००९ मध्ये काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली की सवलत मागणाऱ्यांत ५८० जण अठरा वर्षांखालचे होते आणि त्यांतले सर्वांत लहान मूल चार वर्षांचे. पुढच्या महिन्यात, ६ नोव्हेंबरला, नवा कायदा आला. मागणाऱ्याचे वय अठरा हवे आणि खरेदीचे हिशेबपत्रक जोडायलाच हवे. जून २०१० च्या अहवालात त्याच कार्यालयाने १,२९५ कैद्यांना ९१ लाख डॉलर मिळाल्याचे नोंदवले. खरे सांगणाऱ्यांनाही त्यानंतर कागदांची थप्पी घेऊन उभे राहावे लागले. खोट्या उत्तरांची किंमत खऱ्या उत्तरवाल्यांनीही मोजली.

शब्दाची पडताळणी कशी होते

'इंग्लंडच्या सरकारला पुण्यातले घर कसे कळणार?' हे वाक्यही कानावर येते. वरवर ते खरे वाटते. १८६२ मध्ये सुरू झालेली तिथली लँड रजिस्ट्री फक्त इंग्लंड आणि वेल्सच्या जमिनींची नोंद ठेवते. संपूर्ण प्रदेशात नोंदणी सक्तीची झाली तीही १ डिसेंबर १९९० पासून. त्या दप्तरात कोथरूड नाही.

पण माणसाचा माग एकाच दप्तरात नसतो. काळ्या पैशाविरुद्धच्या २०१७ च्या नियमांमुळे वकिलाला खरेदीच्या रकमेचा उगम तपासावा लागतो. अनामत रक्कम पुण्यातला फ्लॅट विकून आली असेल तर त्याचे विक्रीखत त्याच फाइलमध्ये ठेवले जाते, जिच्यात संकेत ३२ लिहायचा असतो. एका पानावर 'घर विकले' आणि दुसऱ्यावर 'घर कधीच नव्हते' अशी दोन विधाने एकाच सहीची निघतात. फ्लॅट भाड्याने दिला असेल तर भाडे अनिवासी भारतीयाच्या एनआरओ खात्यात येते. बँक खात्यांची माहिती देशांनी एकमेकांना आपोआप देण्याची व्यवस्था भारत आणि ब्रिटन या दोघांनीही २०१७ पासून सुरू केली. त्या व्यवस्थेत घरे मोजली जात नाहीत, पण घराचे भाडे ज्या खात्यात पडते ते खाते मोजले जाते.

पुढचे नियम कोरडे पण स्पष्ट आहेत. विवरणपत्र दाखल झाल्यावर साधारणपणे नऊ महिने खाते चौकशी सुरू करू शकते. चूक नंतर उघड झाली तर चार वर्षे, निष्काळजीपणा असेल तर सहा वर्षे आणि जाणूनबुजून असेल तर वीस वर्षे मागे जाता येते. निष्काळजीपणाला कमी भरलेल्या कराच्या ३० टक्क्यांपर्यंत, जाणूनबुजून केलेल्या चुकीला ७० आणि ती लपवली असेल तर १०० टक्क्यांपर्यंत दंड. वरच्या उदाहरणातल्या २५,००० पौंडांवर हा दंड ७,५००, १७,५०० किंवा २५,००० पर्यंत जातो, व्याज वेगळे. माहीत असून खोटे विधान करून फायदा घेणे हा २००६ च्या फ्रॉड ॲक्टखाली फौजदारी गुन्हाही ठरू शकतो.

दंडाच्या याच कायद्यात एक तरतूद अशी आहे की ती प्रामाणिक माणसासाठी लिहिली आहे असे वाटते. सही करताना चूक अजाणता झाली, पण नंतर लक्षात आली आणि तरी खात्याला कळवण्यासाठी काही केले नाही, तर ती चूक तिथून पुढे निष्काळजीपणाची धरली जाते. उलट कोणी विचारण्याआधी स्वतःहून सांगितले तर निष्काळजीपणाचा दंड शून्यापर्यंत खाली येऊ शकतो. बारा महिन्यांच्या आत विवरणपत्र दुरुस्तही करता येते. कायदा माणसाच्या चुकीकडे आणि चूक कळल्यानंतरच्या मौनाकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतो.

घरचे कागद

खरी मेहनत मात्र इंग्लंडच्या कागदांत नाही, आपल्या घरच्या कागदांत आहे. आपल्याकडे मालकीची सुरुवात अनेकदा मालकाच्या नकळत होते. वडिलांनी फ्लॅट घेताना पुढची सोय म्हणून करारनाम्यात मुलाचे वा मुलीचे नाव लावलेले असते. त्या मुलाने एक रुपयाही दिलेला नसतो, त्या घरात तो कधी राहिलेलाही नसतो. पण नोंदणी कार्यालयाच्या सूची क्रमांक २ मध्ये खरेदी घेणाऱ्यांच्या रकान्यात त्याचे नाव असते. तो खरेदीदार आहे. कर्जाला फक्त सहअर्जदार म्हणून सही केली असेल तर गोष्ट वेगळी. म्हणून करारनामा आणि कर्जाचा कागद दोन्ही उघडून पाहावे लागतात.

सोसायटीत नामनिर्देशनपत्रात नाव असणे म्हणजे मालकी नव्हे. कुलमुखत्यारपत्र असणे म्हणजेही मालकी नव्हे. नुसती शेतजमीन, तिच्यावर घर नसेल तर, राहते घर ठरत नाही. उलट वडील गेल्यावर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या आठव्या कलमाने मुलगा, मुलगी, पत्नी आणि आई यांचा हिस्सा त्याच क्षणी उभा राहतो. तलाठ्याकडची वारसनोंद आणि फेरफार पुढे कधीतरी होतात. नोंद उशिरा झाली म्हणून हिस्सा उशिरा येत नाही. तो हिस्सा नंतर हक्कसोडपत्राने भावाला दिला, तरी तो एकदा आला होता. इंग्लंडचा प्रश्न 'आला होता का' असा आहे.

वडिलोपार्जित वाड्याची बाब याहून गुंतागुंतीची. महाराष्ट्राने २२ जून १९९४ च्या दुरुस्तीने अविवाहित मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मजात हिस्सा दिला; देशभर तो हक्क ९ सप्टेंबर २००५ पासून सर्व मुलींना मिळाला आणि वडील त्या दिवशी हयात असोत वा नसोत, तो लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० रोजी ठरवले. त्याआधी १९८६ मध्ये चंदर सेन खटल्यात न्यायालयाने सांगितले होते की आठव्या कलमाने वडिलांकडून मुलाला आलेली मिळकत ही त्याची स्वतःची, त्याच्या एकत्र कुटुंबाची नव्हे. कऱ्हाडचा किंवा वाईचा एखादा वाडा या दोनपैकी कोणत्या प्रवाहात बसतो, हे तो केव्हा, कोणाकडून, कसा आला यावर ठरते. तो इंग्लंडच्या कायद्यात 'त्याच तोडीचा हक्क' ठरतो की नाही, हा निर्णय खरेदीदाराने आपल्या सोयीने करायचा नाही. सात-बारा, मिळकत पत्रिका, फेरफाराच्या नोंदी वकिलापुढे ठेवायच्या, लेखी विचारायचे आणि लेखी उत्तर घ्यायचे. प्रामाणिकपणाला सर्वज्ञ असावे लागत नाही. जे माहीत आहे ते सगळे समोर ठेवावे लागते.

परतीच्या वाटेवरही हाच प्रश्न उलटा उभा राहतो. लंडनमध्ये घर ठेवून पुण्याला परतलेल्या माणसाला भारतातली पहिल्या घराची वजावट हवी असती, तर २०१६-१७ मध्ये मंजूर झालेल्या कर्जांना लागू असलेल्या आयकर कायद्याच्या ८० ईई या कलमात कर्ज मंजूर होण्याच्या दिवशी कोणतेही निवासी घर नसावे अशी अट होती. तिथे 'भारतात' हा शब्द नव्हता. संसदेला जिथे भारतापुरते बोलायचे होते तिथे तिने तो शब्द लिहिला : २०१४ च्या दुरुस्तीने कलम ५४ आणि ५४ एफ मध्ये नवे घर 'भारतात' असावे असे घातले. शिवाय भारतात पूर्ण निवासी झालेल्या करदात्याला परदेशातली स्थावर मिळकत विवरणपत्राच्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावी लागते.

बखर आणि अस्सल कागद

मराठी इतिहासलेखनाने एक शिस्त फार कष्टाने कमावली : बखर वाचावी, पण निकाल अस्सल कागदावर द्यावा. बखरीचे सगळे लेखक खोटे बोलत नव्हते. त्यांना जसे आठवत होते, जसे असावे असे वाटत होते, तसे त्यांनी लिहिले. 'आम्ही कधी घर घेतलेच नाही' ही आपली स्वतःची बखर असते. तीत वडिलांनी लावलेले नाव नसते, आजोळच्या वाड्यातला हिस्सा नसतो, लग्नाआधी घेऊन विकलेला वन-रूम-किचन नसतो. हे सगळे सूची क्रमांक २ मध्ये, फेरफारात, भागदाखल्यावर तारखेसह असते. पहिल्या घराची सवलत मागणाऱ्या माणसाकडून कायदा हेच मागतो : त्याने स्वतःपुरते साधार लिहावे.

म्हणून इंग्लंडमधल्या वकिलाला होकार देण्याआधी एक संध्याकाळ गावाकडच्या फाइलसाठी ठेवावी. आई-वडिलांना फोन करून विचारावे, कोणत्या कागदावर माझे नाव आहे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या नावाचा शोध घ्यावा. मग एका कोऱ्या पानावर, तारखेसह, एकेक घर लिहावे : कधी आले, कसे आले, किती हिस्सा, कधी गेले. ते पान वकिलाकडे पाठवावे. पान कोरेच राहिले तर ३२ हा संकेत निर्धास्तपणे लिहावा. ती सवलत त्याचसाठी आहे. पानावर एक जरी ओळ आली, मग ते घर कितीही लहान असो, कितीही दूर असो आणि कधीचेच विकलेले असो, तर तो रकाना रिकामा सोडावा आणि कर पुरता भरावा. त्या रिकाम्या रकान्यासाठी आपण मोजलेल्या पौंडांमुळेच, ज्याच्या नावे जगात कुठेही घर नव्हते, अशा कुणासाठी ती सवलत खरी राहते.